दगडी वरातीची करवली

बाई कुणालाही आधी नाव विचारत नसे. आधी पाणी पाजायची. माणूस नागपूरचा असो की पुण्याचा, जीपमधून उतरला की पहिला प्रश्न ठरलेला, "पानी घेतलं काय?" घेतलं म्हटलं तरी पुन्हा प्यावं लागे. आधी प्यायलेलं पाणी वाटेवरचं, तिच्या गुंडातलं नव्हे. गुंड म्हणजे आमच्याकडचा पितळी हंडा. तो तिच्या कमरेवर जन्मापासून असल्यासारखा बसायचा. "पानी पेल्याबिगर गोटे दिसत नाई," असं ती म्हणायची, आणि कुणी हसलं तर त्याला अजून एक पेला द्यायची.

गोटे म्हणजे दगड. आमच्या गावाबाहेर, बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडांत उभे दगड आहेत. काही माणसाएवढे, काही त्याहून उंच, आणि मधोमध दोन दगडांवर एक लांबरुंद फरशी ठेवलेली, मांडवासारखी. कुणी ठेवले, कधी ठेवले, कुणाला ठाऊक नाही. आमच्या वाडवडिलांनी सांगितलं ते एवढंच, की ती एक वरात आहे. भर उन्हात वरात थांबली, करवली गुंड घेऊन बोडीवर पाणी आणायला गेली, आणि तिची वाट न पाहता बाकीचे जेवायला बसले. पहिला घास गावदेवाला काढला नाही. झाले सारे दगड. एकटी करवली वाचली.

ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकली आणि सोडून दिली. बाई एटापल्लीकडच्या जंगलातून लग्न होऊन आमच्या गावात आली, गोंडाची पोर. तिला सासूने पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगितली. पोरीनं ऐकून विचारलं, "मंग त्या करवलीनं आनलेलं पानी कोनाले देल्लं?" सासूजवळ उत्तर नव्हतं. गावाजवळही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोर गुंड भरून दगडांकडे निघाली आणि मरेपर्यंत जात राहिली. त्या दिवसापासून गाव तिला करवली म्हणू लागलं. केस पांढरे झाले, दात गेले, तरी करवलीच. सत्तरीतली करवली साऱ्या जिल्ह्यात आमच्याच गावाची, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

माझी आणि तिची ओळख भांडणाची. मी ब्रह्मपुरी ते आमचं गाव काळीपिवळी जीप चालवायचो. शाळा चौथीपर्यंत. पुढे मला कुणी काही शिकवू शकलं नाही, असं माझी बायको म्हणते. कॉलेजातले लोक दगड पाहायला येऊ लागले तेव्हा त्यांना आणायचं काम माझं आणि फिरवायचं काम करवलीचं. मी उतरताच हात लांब करून दाखवायचो, तो पाहा नवरदेव, ती पाहा नवरी. ती माझ्या हातावर चापट मारायची.

"डायवरभाऊ, बोट कायले दाखवतेस? कोवऱ्या कोहळ्याले बोट दाखवलं तर सडते का नाई?"

"हा काय कोहळा आहे? दगड आहे दगड."

"मंग तुहं बोट सडन. वाकडं होईन पाय एक दिवस."

ती स्वतः बोट दुमडून, नाहीतर हनुवटीनं दाखवायची. हनुवटी पुढे काढली की पाहुणे भलत्याच झाडाकडे पाहत बसत. मी म्हणायचो, अगं सरळ दाखव, बिचारे मान मोडून घेतील. ती म्हणायची, "पाहाले आले ना, तं पाहू दे धुंडून."

दगडांकडे जायला सरळ वाट होती, पण ती कधी सरळ नेत नसे. धानाच्या बांद्यांमधून, धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, बोडीला वळसा घालून न्यायची. वाटेत मोहाखाली अस्वलानं रात्री काय खाल्लं, तेंदूच्या कोणत्या झुडपाचं पान विड्याला चालतं, वारुळाचं तोंड ओलं असलं तर आत कोण आहे, सगळं दाखवायची, तेही हनुवटीनं. दाट झाडी आली की हातातल्या कड्यानं गुंडावर ठण् ठण् वाजवायची. एका पाहुण्यानं विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "वाघाले सांगतो का पाव्हने आले. न सांगता कोनाच्या घरात जाव काय?" तो पाहुणा पुढे तिच्या पदराला चिकटूनच चालला.

दगडांजवळ पोचलं की ती ओळख करून द्यायची. लग्नात देतात तशी. "हे नवरदेव, थोडे गरम डोक्याचे. हे नवरी, इच्याकडं पाठ करून उभं राहू नका, नवी हाय, रुसते. हे आत्याबाई. हे वाजंत्री, तिघंही." पाहुण्यांनी हात जोडायचे. मग ती गुंड कलता करून प्रत्येक दगडाच्या माथ्यावर धार सोडायची. ती काय करते ते मी कधी जवळ जाऊन पाहिलं नाही. मी जीपच्या सावलीत विडी ओढत बसायचो. ही माझी चूक होती, आणि पुढे ती महागात पडणार होती.

एकदा नागपूरचं एक निवृत्त जोडपं आलं. दोघंही मास्तर. त्यांची मुलगी परदेशात, तिनं त्यांना पार समुद्रापलीकडच्या माया लोकांची पडकी देवळं दाखवली होती. त्यातल्या मावशींनी मोबाइल काढून करवलीपुढे धरला. जंगलातून वर आलेलं दगडी देऊळ, पायऱ्याच पायऱ्या, आभाळाला टेकलेल्या. मीही डोकावलो. मला मनातून जरा लहान झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

करवली बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "झाडायनं खाल्लं होतं काय हे?"

"हो ना. कित्येक शतकं जंगलातच होतं. कुणाला माहीतच नव्हतं."

"आसपास लोकं राह्यत नव्हते?"

"राहतात की. त्यांचेच वंशज. तिथंच मका पेरतात."

"मंग माहीत कसं नव्हतं? त्याहीले कोनी विचारलं नसन."

मास्तर एकदम हसले. करवलीनं पुढचा प्रश्न टाकला. "तिथी पानी कोन पाजते?"

"बाटली विकत मिळते, बाई. दारावरच दुकानं आहेत."

"अन् त्या गोट्यायले?"

मावशींनी मोबाइल खाली घेतला. करवलीच्या तोंडावर इतकी कळकळ दाटून आली, की ती जणू उद्याच गुंड घेऊन समुद्रापलीकडे निघणार होती. जाताना मावशी मला जीपमध्ये म्हणाल्या, "आम्ही एवढे लांब जाऊन आलो, पण तिथं कुणी आमची दगडाशी ओळख करून दिली नाही हो." त्या दिवशी ब्रह्मपुरीपर्यंत मी जीप अशी चालवली, जणू मागच्या सीटवर राजाराणी बसले आहेत आणि दगड माझ्या बापानं रोवले आहेत.

मग रस्त्याचं आलं. आमचा रस्ता रुंद होणार होता. गावाला आनंदच होता, मला सर्वांत जास्त. पण मोजणी झाली तेव्हा चुन्याची रेघ बरोबर वरातीतून गेली. रस्त्याचं काम घेतलेल्या गुत्तेदाराचा माणूस दगडांवर थाप मारून म्हणाला, "मस्त काळा दगड आहे. इथंच फोडू, इथंच गिट्टी." करवलीनं त्याला पाणी पाजलं, आणि तो पीत असताना शांतपणे म्हणाली, "हे लोकं फोडाचे नाई." तो म्हणाला, कुठले लोक? ती हनुवटी पुढे काढून उभी राहिली. तो झाडांकडे पाहत राहिला.

आम्ही अर्ज केला. मीही सही केली, माझी सही मोठी असते. अर्ज फिरत फिरत जुन्या वास्तूंच्या खात्यात गेला आणि निरोप आला की एक साहेब येऊन पाहतील. दगड खरंच जुने असतील तर रस्ता वळेल, नसतील तर नाही. सगळं त्या एका दिवसावर होतं.

आता माझी अक्कल ऐका. साहेब येणार म्हणजे काय करायचं असतं? शाळेत साहेब येणार असले की भिंतीला चुना मारतात, खाली गेरूचा पट्टा ओढतात. दगडांवर शेवाळ, पाखरांची घाण, काळे डाग. अशी कळकट वरात साहेबांना दाखवायची? गावाची इज्जत काय राहिली? मी चार जण गोळा केले. करवली म्हणाली, "डायवरभाऊ, नोको करू. म्हाताऱ्या मानसाच्या तोंडाले पावडर कायले?" मी म्हणालो, तू जंगलातली, तुला साहेब लोकांचं काय कळतं. हे मी म्हणालो. ती गुंड उचलून घरी गेली. साहेब यायच्या आदल्या दिवशी, दिवस बुडेपर्यंत खपून आम्ही सारी वरात पांढरीशुभ्र केली. खाली गेरूचा पट्टा, नवरदेवाला जरा जाड. माथ्यावर खड्डे होते, तेही चुन्यानं लिंपून सपाट केले. मागे सरकून पाहिलं, आणि मला वाटलं, वा! याला म्हणतात दगड.

साहेब सकाळी आले. तरुण होते, चष्मा, खांद्याला पिशवी. आज संध्याकाळपर्यंत गडचिरोली गाठायची आहे, असं उतरतानाच म्हणाले. दगड दिसले तसे जागीच थांबले.

"हे कधी उभं केलं?"

गुत्तेदाराचा माणूस तिथंच होता. तो टाळी वाजवायचाच बाकी राहिला. "मी तेच सांगत होतो साहेब. रस्ता अडवायला गावकऱ्यांनी हे नाटक उभं केलंय. रंगसुद्धा ओला आहे, हात लावून पाहा."

साहेबांनी हात लावला. बोटं पांढरी झाली. त्यांनी ती रुमालाला पुसली आणि वही पिशवीत परत टाकली. आयुष्यात मी पोलिसांशी भांडलो, आरटीओशी भांडलो, पण त्या दिवशी तोंडातून एक शब्द निघेना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, पानी घेतलं काय?"

"नको बाई, उशीर होतोय."

"पानी नाई म्हनू नये. बसा."

साहेब बसले. कोणीही बसलं असतं, तिच्या 'बसा'मध्ये तेवढं वजन होतं. तिनं पेला भरून दिला आणि म्हणाली, "चुना म्या लावला साहेब. लगनाले हरद लावतेत ना, तसा. चुकलं माह्यं. तुमी पानी पेत बसा, तवरोक वरातीचं न्हानं होते."

मी मान वर केली. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

तिनं एक हाक दिली आणि बोडीच्या पाळीवरून बाया निघाल्या. मला कळलं नव्हतं, पण तिनं पहाटेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हातात गुंड, बादल्या, धानाच्या तणसाचे बोळे. गोंडाच्या, कुणब्याच्या, तेल्याच्या, साऱ्या घरच्या. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात पाणी चाललं. माझी बायकोही त्यात होती, आणि माझ्यासमोरून जाताना तिनं बादली अशी हिंदकळवली की माझा पायजमा भिजला. चुना ओला होता म्हणून निघाला. पांढरे ओघळ वाहून गेले आणि खालून एकेक जुनं, काळं तोंड वर आलं.

करवली नवरदेवाजवळ उभी राहिली. माथ्यावर हात फिरवत, न पाहता, जागा शोधली आणि बांबूच्या काडीनं चुना टोकरून काढला. एक वाटी निघाली. तळहाताच्या खळग्याएवढी, गोल, आतून गुळगुळीत. मग दुसरी. मग तिसरी. सात वाट्या निघाल्या. तिनं गुंड कलता केला, सातही भरल्या. इतकी वर्षं ती त्या माथ्यावर काय करत होती, ते मला त्या क्षणी दिसलं.

साहेबांच्या हातातला पेला तसाच राहिला. ते उठले, जवळ गेले, पिशवीतून भिंग काढून दगडावर ओणवे झाले. पँट चिखलात गेली त्याचं त्यांना भान नव्हतं. "हे छिन्नीचं काम नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "दगडानं दगड ठोकून, घासून केलंय. हे फार जुनं आहे. किती आहेत अशा?"

"याले सात. नवरीले पाच. वाजंत्र्याले तीन-तीन. आत्याबाईले एकच, ते कमी जेवते."

तिनं प्रत्येक दगडावर हात ठेवून प्रत्येक वाटी काढून दाखवली. एकही चुकली नाही. साहेब मागे मागे, वहीत लिहीत. गुत्तेदाराचा माणूस एवढंच म्हणाला की खड्डे कुणीही पाडू शकतो. साहेब म्हणाले, "तुम्ही एक पाडून दाखवा. मी थांबतो." तो थांबला नाही.

शेवटी मधल्या मांडवाजवळ साहेब बसले आणि विचारलं, "बाई, तुम्ही याला वरात म्हणता. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "साहेब, माह्या माहेरी माणूस गेला का त्याच्या नावानं गोटा गाडतेत. आजही गाडतेत. गोटा काई उगाच उभा राह्यत नाई. हे लोकं हायत. कोनाची तरी माय हाय, कोनाचा बाप हाय. तहान लागत असन त्याहीले, म्हनून पानी देतो."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "आमची पुस्तकंही तेच म्हणतात, बाई. फक्त पाण्याचं त्यात लिहिलेलं नाही."

साहेब त्या दिवशी गडचिरोलीला पोचले नाहीत. आमच्याच घरी जेवले. रस्ता वळला. आज तुम्ही आमच्या गावाला याल तर बोडीजवळ एक मोठं वळण लागेल, गाडीतले लोक ड्रायव्हरला विचारतात की इथं सरळ रस्ता का नाही काढला. मी अजूनही त्या वळणावर मुलाला हॉर्न वाजवायला लावतो. ते वळण आमच्या करवलीनं घेतलेलं आहे.

साहेब गेल्यावर मी तिला विचारलं होतं. चुन्याचं नाही, ते विचारायला माझं तोंड नव्हतं. दुसरंच विचारलं. "तुला माहीत होतं हे मेलेल्या माणसांचे दगड आहेत, तर इतकी वर्षं आमचीच लग्नाची गोष्ट काऊन सांगत होतीस?"

ती पदरानं गुंड पुसत होती. म्हणाली, "डायवरभाऊ, मरनाचे गोटे म्हटलं असतं तं तुमच्या गावचं कोनी फिरकलं असतं काय? तोडून टाकले असते भेवानं. लगनाले सारेच येतेत."

मागच्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायचे दिवस संपता संपता, ती गेली. सकाळी पाणी देऊन आली, दारात गुंड ठेवला आणि टेकली ती टेकलीच. माहेरची माणसं एटापल्लीकडून आली. त्यांनी तिच्या नावाचा दगड आणला. वरातीभोवती आता सरकारी कुंपण आहे, आत नवं काही रोवता येत नाही. म्हणून बोडीच्या पाळीवर, कुंपणाच्या जरा अलीकडे तो उभा केला. पाणी आणायच्या वाटेवर. करवलीची जागा तीच होती म्हणा.

मी ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन गेलो होतो. तिचं नाव लिहावं म्हणून, मोठ्या अक्षरात. तिच्या भावानं मला थांबवलं. "नाव कायले भाऊ? गोटा म्हन्जे बाईच हाय." जन्मात पहिल्यांदा मी वाद न घालता डबा बंद केला. माझी बायको म्हणते, त्या दिवशी बोडीचं पाणी उलटं वाहिलं असेल.

साहेबांच्या वहीत चुना करवलीनं लावला अशी नोंद आहे. चुना मी लावला. तिनं नको म्हटलं होतं. हे साहेबांना तिच्या देखत सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि तिनंही कधी काढलं नाही. फक्त कुणाच्या घरी दिवाळीची रंगरंगोटी निघाली की ती मला लांबूनच हाक मारायची, "डायवरभाऊ, येतोस काय ब्रश घेऊन?" आणि बाया तोंडाला पदर लावायच्या.

जीप आता माझा मुलगा चालवतो. पाहुणे येतात. त्यांना मी बोडीच्या पाळीवर बसवतो, पाणी पाजतो, मग तिच्या दगडाशी ओळख करून देतो आणि पुढे वरातीकडे नेतो. उजव्या हाताचं पहिलं बोट माझं दोन वर्षांपासून सरळ होत नाही. डॉक्टर संधिवात म्हणतात. मी म्हणतो, स्टेअरिंग धरून धरून झालंय, आणि मी त्यावर ठाम आहे. पण दगड दाखवायला हात उचलला की बोट आपोआप दुमडलेलंच असतं, जसं तिला हवं होतं तसं. पाहुणे विचारतात, बाबा, नेमकं कुठं?

मी म्हणतो, पाहायला आले ना, मग धुंडा.